निवृत्त झालेल्यांचे कट्टे आणि सहली: कोल्हापुरात काय जमतं, काय अडतं?

झुळूक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये मी शाळेतून निवृत्त झाले. रंकाळ्याजवळ आमची जुनी कॉलनी आहे. सगळ्यांनी एकाच सुमारास प्लॉट घेतले, एकाच सुमारास घरं बांधली आणि आता एकाच सुमारास सगळे रिकामे झालेत. पोरं पुण्याला नाहीतर बंगळूरला. पुरुषमंडळी सकाळी तलावाला फेरी मारतात, घटकाभर कट्ट्यावर टेकतात, येताना भाजी आणतात. त्यांचं निभावतं. बायकांना तेवढंही नाही. नोकरी सुटली की स्वयंपाकघर पूर्ण वेळचं होतं.

परवा सहलीचा विषय निघाला. एकाला काशी-रामेश्वर, एकाला पन्हाळा, एकाला काहीच नको. तासाभरात निम्मे उठून गेले. मला एकदाची सहल नकोय. वर्षभर चालेल असं काहीतरी हवंय, ज्यात ऐंशी ओलांडलेले आमचे अण्णा येतील आणि ज्यांचे गुडघे गेलेत त्या काकूही येतील. ज्यांनी असे कट्टे चालवलेत त्यांनी सविस्तर सांगा. कुठं न्यावं, पैसे कसे जमवावेत आणि बायकांना घराबाहेर कसं काढावं?

पाचवी गल्ली

जवळच्या जवळ पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी, कणेरी मठ. पन्हाळ्यावर गाडी थेट वर जाते, तबक उद्यानात बसायला सावली आहे, तीन दरवाजा आणि अंधारबाव लांबून बघितली तरी चालते. जोतिबाला पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांना आधी सांगा. कणेरीचं ग्रामजीवन संग्रहालय फार सुंदर, पण चालणं पुष्कळ. चैत्र यात्रा आणि रविवार सोडून जा.

लेथवाला मामा

ताई, जागेचं नंतर बघू, आधी पैशाचं बोला. मी उद्यमनगरात फौंड्रीत आणि मशीनशॉपला आख्खी नोकरी काढली. आमच्यासारख्यास्नी ईपीएस-९५ ची, म्हंजी पीएफ खात्याची, पेन्शन. २०१४ पासनं तिची किमान रक्कम महिन्याला १००० रुपये हाय. शेजारी झेडपीतनं नाहीतर बँकेतनं रिटायर झालेला असतोय. त्यो सहज बोलून जातोय, ‘माणशी दीड हजार काढूया की.’ त्याच्या मनात काय वाईट नसतंय. पण आमचा माणूस ‘पैसे नाहीत’ असं कवाच म्हणणार नाही. ‘पाय दुखत्यात’ म्हणंल, ‘पावणं येणार हायत’ म्हणंल, आणि घरात बसंल. दोन येळा असं झालं की तिसऱ्या येळंला त्याला कोण बोलवतबी नाही.

आमच्या तालमीच्या कट्ट्यावर एक पद्धत हाय. खजिनदार एकच. कुणी किती दिलं ते त्याच्या वहीत, ते वाचून दाखवायचं नाही. खर्च मात्र पै न् पै सगळ्यांसमोर वाचायचा. ज्याला जमतंय त्यो जास्त घालतोय, नाही जमत त्यो नुसता येतोय. कुणाला कुणाचं कळत नाही. एवढं केलं तर माणसं तुटत नाहीत बघा.

स्टँडवरचा

मामांनी बरोबर दुखण्यावर बोट ठेवलं. मी एसटीत कंडक्टर होतो, तेव्हा माझ्या खात्यातलं सांगतो.

७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ या वयाला निम्मं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना, वय काहीही असो, निम्मं तिकीट. म्हणजे तुमच्या कॉलनीतल्या अण्णांना नृसिंहवाडीला जाऊन यायला एक पैसा लागत नाही. मूळ आधार कार्ड बरोबर ठेवा, कारण वयाचा पुरावा बघितल्याशिवाय कंडक्टर सवलतीचं तिकीट देऊ शकत नाही. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. निपाणी-बेळगावकडे जायचं असेल तर पुढचं भाडं पूर्ण भरावं लागतं, हे आधी न कळल्यामुळे गाडीत वाद झालेले मी पुष्कळ बघितलेत.

दुसरं, लालपरीची पहिली पायरी उंच असते. गुडघे दुखणारा माणूस तिथंच माघार घेतो, मग ठिकाण कितीही सोपं असो. एक बुटकं, मजबूत लाकडी स्टूल पिशवीत टाका. चढताना खाली ठेवायचं, उतरताना खाली ठेवायचं. ड्रायव्हरला आधी ‘जरा थांबा, म्हातारी माणसं आहेत’ म्हणून सांगायचं, तो थांबतो. आणि पहिल्या सुटणाऱ्या गाडीत घुसू नका. जी गाडी मध्यवर्ती स्टँडवरूनच सुटते ती धरा, म्हणजे बसायला जागा मिळते.

निवांत

झुळूकताई, आमचा कट्टा करोनाच्या आधीपासून चालू आहे, त्या काळात बंद पडला, परत उभा केला. मला जे ठामपणे वाटतं ते आधी सांगतो: सहलीपासून सुरुवात करू नका. आठवड्याचा एक वार ठरवा. आमचा गुरुवार. पाऊस असो, कुणाचं लग्न असो, दोनच माणसं येवोत, गुरुवारी साडेचारला कट्टा भरतो. सहल ही त्या गुरुवारातून आपोआप निघते. उलटं केलं तर सहल होते, फोटो येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर चार दिवस कौतुक होतं आणि पुन्हा सगळे आपापल्या घरात.

वार ठरलेला असला की न आलेला माणूस कळतो. ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्यातले एक जण लागोपाठ दोन गुरुवार दिसले नाहीत म्हणून घरी गेलो, तर तापाने पडून होते आणि मुलाला कळवलंच नव्हतं.

काय करतो? फार काही नाही. कधी करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेल्या पुस्तकातलं कुणीतरी मोठ्याने वाचतं (१८५० पासूनचं वाचनालय आहे आपलं, त्याचं सभासदत्व घ्याच). कधी देवल क्लबमध्ये गाणं असलं तर तिकडे. कधी टाऊन हॉलचं संग्रहालय. आयुष्यभर त्या बागेसमोरून सीपीआर दवाखान्याला गेलेली माणसं, पण आत गेलेली थोडीच. इथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेली समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती तिथं आहे. आपल्या पंचगंगेच्या काठावर रोमन काळात दूरदेशीचा माल येत होता, हे त्या वीतभर मूर्तीपुढं उभं राहिल्यावर पटतं. आमच्यातले एक निवृत्त भूमापक त्या दिवशी बाहेर बागेत बसून ब्रह्मपुरीची टेकडी कुठं, नदी कुठं, हे काठीने मातीत काढून दाखवत होते.

केशवराव भोसले नाट्यगृहातली नाटकं हा आमचा ठरलेला कार्यक्रम होता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा आमच्यातले कितीतरी जण खासबागेच्या बाजूला जाऊन नुसते उभे राहिले होते. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर, आमच्यापैकी अनेकांनी पहिलं नाटक तिथं बघितलेलं.

सहल म्हणाल तर सगळ्यात रंगली ती गुऱ्हाळाची. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की करवीर-पन्हाळ्याकडच्या कुठल्याही गावात ओळखीचं गुऱ्हाळ निघतंच. सकाळी लवकर गेलो. आमच्यात एक आबा आहेत, गावाकडची शेती विकून मुलाकडे शहरात आलेले. वर्षभर कट्ट्यावर यायचे, बसायचे, उठून जायचे, बोलणं नाही. गुऱ्हाळात शिरल्याबरोबर ते थेट काहिलीजवळ, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईजवळ, जाऊन उभे राहिले. रस उकळत होता, वर मळी येत होती. भेंडीच्या चिकट पाण्याने मळी कशी वर येते, ती कधी काढायची, चुलवाणात चिपाडं किती घालायची, जाळ कुठं कमी करायचा, हे ते आम्हाला सांगायला लागले. गूळ करणाऱ्या गुळव्यानं पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी केली आणि ती आबांच्या हातावर ठेवली. आबांनी चिमटीत दाबून बघितली आणि म्हणाले, ‘आजून दोन मिनिटं.’ गुळव्या हसला आणि खरंच थांबला. मग काहील उतरली, पाक वाफ्यात ओतला, आणि सगळ्यांना पानावर गरम गूळ मिळाला. मधुमेहवाल्यांनीही बोटभर चाखला, आम्ही तेवढ्यावर त्यांना थांबवलं. त्या दिवसापासून आबा कट्ट्यावर बोलतात. ऊस, पाऊस, बैल, जुन्या पुराच्या आठवणी, काहीही.

म्हणून ठिकाण निवडताना एवढंच बघा: आपल्यातल्या कुणाला तिथलं काही येतं का? गाडी ठरवणारा एक आणि बाकीचे बसून जाणारे, अशी सहल म्हाताऱ्या माणसाला आणखी म्हातारं करते.

वाडीची माहेरवाशीण

सगळं वाचलं, छान वाटलं. पण बायकांचा प्रश्न झुळूकताईंनी विचारला होता, तो मागे राहिला. मी बोलते.

पहिली अडचण स्वच्छतागृहाची. साठीनंतर लघवी धरवत नाही, हे कुणी मोठ्याने बोलत नाही. मग बायका काय करतात? सहलीच्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. उन्हात हिंडतात, चक्कर येते, घरी आल्यावर लघवीला जळजळ. आणि पुढच्या वेळी ‘मला नाही जमायचं’. गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाने एका टूरवाल्याकडून गाडी घेतली होती. दर दीड तासाला थांबू म्हणाला आणि थांबला तो फक्त त्याच्या ओळखीच्या हॉटेलवर, तिथलं स्वच्छतागृह बंद. सत्तरीच्या बायका उसाच्या फडाआड जायला लागल्या. मला त्या दिवसाचा अजून संताप येतो. आता आम्ही जायच्या आधी दोघीजणी जाऊन वाट बघून येतो. कुठल्या पेट्रोल पंपावर सोय आहे, आत कमोड आहे की भारतीय पद्धतीचं, दाराला कडी आहे का, पाणी आहे का. उकिडवं बसता येत नाही अशांसाठी कमोड नसेल तर ती जागा बाद. कागदावर लिहून ठेवतो आणि गाडीत वाचून दाखवतो. तेव्हापासून बायका पाणी पितात.

या कसोटीवर मला नृसिंहवाडी आणि खिद्रापूर ही जोडी आवडते. वाडीत भक्तांची ये-जा असल्याने सोयी आहेत. संगमावर बसा, पालखी बघा, बासुंदी घ्या. तिथून पुढं खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, सपाटीवर आहे, डोंगर चढायचा नाही. उंबरे तेवढे उंच आहेत, हात धरायला माणूस हवा. स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि वर छताला गोल मोकळं आकाश. खाली गोल शिळेवर उभं राहून वर बघायचं. बाहेरच्या भिंतीला तळात हत्तींची रांग आहे, ती बसून बघता येते. माझी आई तिथं अर्धा तास नुसती हत्तींचे दागिने बघत होती. पावसाळ्यात मात्र दोन्हीकडे जाऊ नका, कृष्णा-पंचगंगेला पाणी कधी चढेल सांगता येत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आमच्याकडे बायकांचे कार्यक्रम म्हणजे हळदीकुंकू, डोहाळजेवण, मंगळागौर. त्यात विधवा बाईला बोलावणं नाही. आणि साठ-सत्तरीच्या मंडळात निम्म्या बायका विधवा असतात! म्हणजे ज्यांना सोबतीची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच दार बंद. आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांपुढे तो आदर्श म्हणून ठेवला. गाव करू शकतं तर कॉलनी का नाही? आम्ही संक्रांतीला सगळ्यांना बोलावतो, सगळ्यांना कुंकू विचारतो, ज्यांना लावायचं त्या लावतात. पहिल्या वर्षी दोघी रडल्या. यंदा त्यांनीच वाण आणलं होतं.

रोखठोक

निवांत, तुमचं बरंचसं पटतं, पण मोठ्या यात्रेला इतकं कमी लेखू नका. माझ्या वडिलांनी जन्मभर काशीला जायचं म्हटलं आणि गेलेच नाहीत. ‘आधी दर गुरुवारचा कट्टा, मग बघू’ म्हणत पाय चालायचे थांबतात. हातपाय धड आहेत तोवर लांबचा प्रवास आधी करावा, टाऊन हॉल आणि रंकाळा नंतरही आहेत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे लांबचं तिकीट महाग पडतं हे खरं. पण ज्यांचं कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली, ६० च्या पुढच्यांना, माणशी ३० हजारांपर्यंत. समाजकल्याण कार्यालयात सध्याची स्थिती विचारा. लेथवाल्या मामांच्या मित्रांना तिचा उपयोग व्हावा.

निवांत

रोखठोक, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. काशीला जायचंच असेल तर जरूर जावं, आणि लवकर जावं. माझं म्हणणं एवढंच की ज्यांच्यासोबत गुरुवारी चहा घेतलाय त्यांच्यासोबत दहा दिवस प्रवास सोपा जातो. कुणाला घोरण्याचा त्रास, कुणाला सकाळी वेळ लागतो, हे आधी माहीत असतं. अनोळखी माणसांच्या घोळक्यात आमचे दोघे जाऊन आले, ते परत येईपर्यंत एकमेकांशीच बोलले.

पुण्यातली लेक

माझे बाबा शिवाजी पेठेत एकटे राहतात. आई गेल्यापासून कुठं जात नाहीत. मी फोनवर दर वेळी ‘बाबा, ज्येष्ठ नागरिक संघात जा’ म्हणते, ते ‘हो’ म्हणतात आणि जात नाहीत. इथल्या कुणाला काही सुचतं का?

लेथवाला मामा

बाळ, पेठेतला माणूस हाय म्हणतीस, मग फुटबॉल बघत असणारच! सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमवर जा म्हणावं. आमच्या वयाची कितीतरी माणसं तिथं दुपारी बसलेली असत्यात. कुठल्या तालमीच्या संघातला पोरगा चांगला खेळतोय, त्याचा आजा कसा खेळायचा, सगळं तिथं चालतंय. ‘संघात जा’ म्हटलं की माणसाला वाटतंय आपण म्हातारं झालो. ‘मॅचला जा’ म्हटलं तर पाय आपोआप निघत्यात. पहिल्या मॅचला तू सुट्टी काढून ये आणि बरोबर जा. नंतरचं ते बघत्यात.

निवांत

मामांच्या सल्ल्याला जोड देतो. बाबांना काहीतरी काम सांगा. आमच्याकडे नवीन माणूस आला की आम्ही ‘या, बसा’ एवढ्यावर थांबत नाही. चहाचे पैसे जमवायचं, वाचायचं पुस्तक बदलून आणायचं, असलं काहीतरी त्याच्यावर टाकतो. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला यावंच लागतं.

पांढरी साडी

मी सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. एवढं पाळा. प्रत्येकाच्या खिशात नाहीतर पर्समध्ये एक कार्ड: नाव, रक्तगट, चालू गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी, घरच्या दोघांचे नंबर. मोबाईलला कुलूप असतं, कार्डाला नसतं. मधुमेहवाल्यांचं जेवण उशिरा होऊ देऊ नका. सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेलं असतं आणि ‘दर्शन झाल्यावर जेवू’ म्हणत दोन वाजतात. मग घाम, हातपाय थरथर, बडबड सुरू होते आणि लोकांना वाटतं ऊन लागलं. माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि मग खायला घाला. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. शिवाय १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, एकटं राहणाऱ्यांच्या घरी तो नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा.

सकाळी फिरायला जाताना थंडीत अंधारात निघू नका. ऊन जरा वर आल्यावर विद्यापीठाच्या आवारात जा, झाडी आहे, वाहनं कमी.

झुळूक (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा प्रिंट काढून कॉलनीत वाचला. मामांचं पेन्शनवालं वाचताना आमच्याकडचे दोघे खाली बघत होते. नंतर त्यातले एक माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘बाई, ती वहीची पद्धत आपण करूया.’ खजिनदार म्हणून त्यांचंच नाव ठरलं.

वार बुधवार ठरला. सुरुवात टाऊन हॉलपासून करतोय, कारण तिथं गाडी दारात जाते आणि बसायला बाग आहे. सहल नंतर, आणि ती गुऱ्हाळाचीच. आमच्यात कागलकडच्या एक काकू आहेत, त्यांच्या भावाचं गुऱ्हाळ आहे हे आजवर कुणाला माहीत नव्हतं! त्या आणि मी पुढच्या आठवड्यात आधी जाऊन वाट आणि सोय बघून येणार आहोत. स्टूल अण्णांनी माळ्यावरून काढलंय, त्याचा एक पाय हलतो, तो सुताराकडे दिलाय.

एक प्रश्न उरलाय. पावसाळ्यात चार महिने कुठं बसायचं? आमच्याकडे हॉल नाही आणि कुणाच्या घरी भरवलं तर त्या घरच्या बाईलाच चहा करावा लागतो.

स्टँडवरचा

जवळच्या देवळाच्या सभामंडपात विचारा. दुपारी तीन ते पाच बहुतेक रिकामा असतो. चहा थर्मासमधून न्या.